उतरलेली घोंगडी

लुगड्याची गाठ मारून केराबाईनं हात काढला, आणि लुगडं सरसरत दगडी मूर्तीच्या पायाशी येऊन पडलं. तिसऱ्यांदा.

"काय चाललंय आत?" पडद्याबाहेरून सिद्धलिंगप्पाचा आवाज आला.

"नेसवतोय की," त्याची बायको गोजरबाई म्हणाली आणि वाकून लुगडं गोळा करू लागली. हातातल्या बांगड्या किणकिणल्या. बाहेरचा आवाज गप्प झाला.

गाभारा म्हणजे दोन माणसांना वळायला कठीण एवढी दगडी खोली. दाराला पासोडी बांधून आडपडदा केलेला. चैत्राची सकाळ, ऊन अजून कडूलिंबाच्या शेंड्यावरच होतं, तरी आत तिघींच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. तिसरी म्हणजे भिमा. ती मूर्तीमागच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी आवळून धरला होता. पदराखाली केस नव्हते. माढ्याकडं तिचं सासर. नवऱ्यानं, महिपतीनं, मेंढरं कातरायच्या कातरीनं ते मुळापासून कापले होते. बोडकी बाई दाराबाहेर पडत नाही, एवढा साधा हिशोब. भिमा दाराबाहेर पडली. तीन दिवस चालत ह्या कंबळव्वाच्या ठाण्याला आली आणि केराबाईचे पाय धरून म्हणाली, "आजी, औंदाची घोंगडी मला द्या."

कंबळव्वाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. सात-आठशे वर्षांपूर्वीची बाई. मोठ्या घरची सून, पण तोंडात सारखं महादेवाचं नाव. सासरा म्हणाला, जायचं तर जा, पण अंगावरचं सगळं आमचं आहे. तिनं डागदागिने उतरवले, चोळी उतरवली, लुगडं फेडून त्याची नीट घडी केली, उंबऱ्यावर ठेवली आणि चालू लागली. वाटेत एक धनगर मेंढरं घेऊन येत होता. त्यानं पाठ फिरवली आणि पाठीमागंच आपली घोंगडी टाकली. ती पांघरून बाई या टेकाडावर येऊन बसली ती मरेपर्यंत. मारायला आलेले पाया पडून गेले, असं लोक सांगतात. लोकांचं काय, मेलेल्या बाईच्या पाया पडायला त्यांना कधीच जड गेलेलं नाही.

तेव्हापासूनची रीत. दर चैत्रात धनगर काळ्या लोकरीची नवी घोंगडी आणायचा. ती उंबऱ्यावर ठेवून पाठ फिरवून उभा राहायचा. आत ठाण्याची बाई नवी वरून चढवायची आणि जुनी खालून ओढून घ्यायची, म्हणजे आईचं अंग क्षणभरही उघडं पडायला नको. मग धनगर पाठमोराच विचारायचा, आईनं घोंगडी घेतली का? बाईनं आतून सांगायचं, घेतली. एवढं झालं की उतरलेली घोंगडी आसऱ्याला आलेल्या बाईच्या अंगावर टाकायची. ती एकदा पडली की त्या बाईवर नवऱ्याचा हक्क नाही, सासऱ्याचा नाही, भावाचा नाही. अक्कलकोटापासून माढ्यापर्यंत ही रीत मोडायची कुणाची छाती नव्हती. कायदा नव्हता, कागद नव्हता. नुसती काळी लोकर होती.

एकतीस वर्षांपूर्वी अशीच एक घोंगडी केराबाईच्या अंगावर पडली होती. तिच्या सासरचे लोक ह्याच कडूलिंबाखाली बसून हात चोळत परत गेले. बाकीच्या बाया पुढं कुठं कुठं पांगल्या, कुणी गिरणीत लागली, कुणी माहेरी गेली. केराबाई ठाण्यालाच राहिली. साध्या लुगड्यावर ती घोंगडी, उन्हाळा असो की पाऊस. तिच्यावर आता लोकरीपेक्षा ठिगळंच जास्त होती.

आणि औंदा सिद्धलिंगप्पा ठाण्याचा पंच झाला.

कापडाचा मोठा व्यापारी. जवळच्या शहरात लष्करी कायदा लागला होता त्याला तीन वर्षं होत आली होती, बाजार पुन्हा तेजीत होता, आणि सिद्धलिंगप्पाला आता देवधर्माची हौस आली होती. त्यानं पहिल्या बैठकीतच सांगून टाकलं, की देवी भिकारणीसारखी बसलेली आपल्याला बघवत नाही. गिरणीतले लोक येतात, शिकलेसवरलेले येतात, काय म्हणत असतील? बाई म्हणजे बाईसारखी दिसली पाहिजे. अंगावर लुगडं, नाकात नथ, हातात चुडा. आणि लुगडं फेडून निघालेल्या बाईची गोष्ट बायापोरींसमोर सांगायची म्हणजे शोभा आहे का? दोनशे बाप्यांसमोर देवीचं अंग उघडं, हे आपल्या गावाला लांच्छन आहे. पंच माना हलवत बसले. त्यांच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही की आठशे वर्षांत देवीचं अंग कुणी बघितलेलंच नाही.

आज पहाटेच तो लुगडं घेऊन हजर झाला. अस्सल रेशमी, हिरवंगार, वीतभर जरीकाठाचं. बिरप्पा धनगर रीतीप्रमाणं नवी घोंगडी घेऊन आला, तर सिद्धलिंगप्पानं ती त्याच्या हातातून काढून घेतली, कडूलिंबाखाली अंथरली, वर आपली गादी टाकली आणि त्यावर ऐसपैस बसला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मग त्यानं केराबाईला हुकूम सोडला. अंगावरची जुनी काढायची, लुगडं नेसवायचं, आणि जुनी विहिरीत टाकायची. आईनं घोंगडी घेतलीच नाही, तर उतरलेली कुणाला द्यायचा प्रश्नच येत नाही. भिमाच्या सासरच्यांना त्यानं आपण होऊन सांगावा धाडला होता. महिपती आणि त्याचा थोरला भाऊ बैलगाडी जुंपून आले होते. गाडीत भिमासाठी कोरं लुगडं होतं आणि एक दोरखंड होता. लुगडं वर दिसत होतं.

केराबाईनं जुनी घोंगडी काढली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं आईला उघडं पाहिलं.

तिथं काहीच नव्हतं. चेहरा कोरलेला, दोन पावलं कोरलेली, आणि मध्ये नुसता ओबडधोबड दगड. ना खांदा, ना छाती, ना कंबर. घडवणाऱ्याला जेवढं दिसलं तेवढंच त्यानं घडवलं होतं. बाकीचं घोंगडीखाली होतं, ते त्यानं बघितलं नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या एका पाथरवटाला जेवढी अक्कल होती तेवढीही ह्या पंचांना नाही, केराबाईच्या मनात आलं.

म्हणून लुगडं राहत नव्हतं. निऱ्या खोचायला कंबर नाही, पदर घ्यायला खांदा नाही, आणि पिढ्यान् पिढ्या तेल मुरून दगड असा गुळगुळीत झालेला की रेशीम त्यावर ठरेना.

"आतून कायतरी जाड पाहिजे," गोजरबाई हलक्या आवाजात म्हणाली. "नुसत्या दगडावर लुगडं बसत न्हाय. तीच घोंगडी आत गुंडाळा की, अव्वा. वरून दिसतंय कुनाला?"

ही सिद्धलिंगप्पाची दुसरी बायको. वय असेल पंचविसाचं. नवऱ्यानं तिला देखरेखीला आत बसवलं होतं. एवढ्या उकाड्यात कोपरापर्यंत चोळी, गळ्यात सोनं, कानातल्या जड कुड्यांनी पाळ्या ओघळलेल्या, दोन्ही हातांत मनगटापासून पार वरपर्यंत काचेच्या बांगड्या. देवीनं कसं दिसावं याचा नमुनाच जणू नवऱ्यानं आत पाठवला होता.

केराबाईनं जुनी घोंगडी उचलली. आईभोवती गुंडाळली. दगडाला पुन्हा खांदे आल्यासारखे वाटले. मग ती थांबली.

कोपऱ्यातून भिमा बघत होती. तिला कळलं होतं. ही घोंगडी लुगड्याच्या आत गेली की गेली, आणि बाहेर गाडी जुंपून तयार होती. तिनं पदरावरचा हात काढला. डोक्यावर कातरीनं ओढलेल्या खपल्या होत्या, काही अजून ओल्या.

गोजरबाईनं ते डोकं बघितलं. बघतच राहिली.

"आवाज का थांबला?" बाहेरून.

गोजरबाई दचकली आणि तिनं डावा हात झटकला. बांगड्या वाजल्या. केराबाई तिच्याकडं बघत होती. गोजरबाईनं नजर खाली घातली आणि म्हणाली, "बांगड्या थांबल्या की विचारतात. घरातबी. कुटल्या खोलीत हाय ते कळाया लागतं त्यानला."

केराबाईनं गळ्याखालची गाठ सोडली आणि आपली स्वतःची घोंगडी अंगावरून उतरवली. एकतीस वर्षांनंतर खांद्यांना वारा लागला, आणि अंगावर काटा आला. भिमाच्या तोंडून "आजी, नगं" एवढं निघालं, तर म्हातारीनं तिच्याकडं असं बघितलं की पोरीनं तोंड मिटलं.

"ही आईचीच हाय," केराबाई म्हणाली. "तिनंच दिल्याली. जाती माघारी. एक बाजू धरा, बाईसाब."

नवी वरून, जुनी खालून. या कामाला चार हात लागतात; दर वर्षी मदतीला कुणीतरी बाई असायची. गोजरबाईला रीत ठाऊक होती, लहानपणी आईच्या कडेवर बसून तिनं ती बाहेरून ऐकली होती. घोंगडीला हात लावायचा म्हणजे नवऱ्याच्या हुकमाविरुद्ध जायचं, हेही तिला कळत होतं. तरी तिनं उजव्या हातानं घोंगडीचं टोक धरलं आणि डावा हात पडद्याच्या बाजूला लांब करून बांगड्या वाजवत राहिली. किणकिण, किणकिण, जशी नेसवण्याची लगबग चालली आहे. केराबाईनं आपली ठिगळांची घोंगडी आईच्या खांद्यावरून पुरती ओढली, आणि खालून जुनी, एक वर्षाची, चिंचोक्याच्या खळीनं अजून कडक असलेली, हळूहळू ओढून काढली. लोकर लोकरीला घासून करकरली. बांगड्यांनी तो आवाज झाकला.

मग लुगडं नेसवलं. ह्या खेपेला ते घट्ट बसलं.

पासोडी सोडली. कडूलिंबाखालच्या माणसांनी माना उंच केल्या. हिरवंगार लुगडं, जरीचा पदर, नाकात मेणानं चिकटवलेली नथ. सिद्धलिंगप्पा गादीवरून न उठताच हात जोडून म्हणाला, आता कशी आई दिसायला लागली. कुणीतरी जयजयकार केला. म्हाताऱ्या बाया मात्र बघत राहिल्या. ओळखीची बाई अनोळखी कपड्यात दिसली की बघतात तशा.

महिपती पुढं आला. आवाजात गूळ घालून त्यानं सांगितलं, की झालं गेलं विसरून तो बायकोला न्यायला आला आहे. कोरं लुगडं आणलं आहे. केस काय, येतील. त्याच्या भावानं गाडीकडं एकदा बघितलं.

"घेऊन जा," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "औंदा घोंगडीबिंगडी काय न्हाय."

तेवढ्यात बिरप्पा उठला. साठीचा माणूस, दोन पिढ्यांपासून घोंगडी आणणारं घर. सकाळपासून तो मुकाट बसला होता. तो उंबऱ्याशी गेला, गाभाऱ्याकडं पाठ करून उभा राहिला आणि दर वर्षीच्या आवाजात विचारलं,

"आईनं घोंगडी घेतली का?"

लोक हसले. कुणी दबलेलं, कुणी उघड. धनगराची घोंगडी कुठं आहे ते सगळ्यांना दिसत होतं.

"घेतली," आतून केराबाई म्हणाली.

हसणं थांबलं.

"कुटली घेतली गं?" सिद्धलिंगप्पानं मांडीवर थाप मारली. "ती तर माज्या बुडाखाली हाय."

केराबाई दारात आली. आधी लोकांच्या लक्षात आलं की म्हातारी एकाएकी लहान दिसते आहे. मग कळलं का ते. तिच्या अंगावर नुसतं विटकं लुगडं होतं. हातावर एक घोंगडी होती, आणि ती ठिगळांची नव्हती. सिद्धलिंगप्पानं पाहिलं, आणि त्याच्या तोंडावरचं हसू उतरायला वेळ लागला, पण उतरलं.

"ही थेरडी खोटं बोलती," तो म्हणाला. "लुगड्याच्या आत काय बी न्हाय. हिनं आपली लपवून ठिवली आसंल." मग त्याला खात्रीचा साक्षीदार आठवला. "गोजर, भाईर ये. तू आत हुतीस. सांग समद्यांना."

गोजरबाई दारात आली. दोनशे पुरुषांसमोर बोलायची तिच्यावर उभ्या जन्मात वेळ आली नव्हती. पदर नाकापर्यंत ओढलेला. बांगड्या इतक्या जवळ धरल्या होत्या की एकही वाजली नाही. नवरा वाट बघत होता. तिनं नाही म्हटलं तर सगळं सरळ होतं: पोरगी गाडीत, म्हातारी रस्त्यावर, आणि ती स्वतः नवऱ्याशेजारी टांग्यात.

"घेतली," ती म्हणाली. "म्या धरली हुती."

सिद्धलिंगप्पा उठून उभा राहिला. दोन पावलं गाभाऱ्याकडं गेला. भिमाच्या नवऱ्याला धीर आला, तोही मागोमाग सरकला. सिद्धलिंगप्पाची नजर हिरव्या लुगड्यावर होती. निरी ओढली की उलगडा, एवढंच काम.

बिरप्पा अजून पाठमोराच होता. त्यानं मान वळवली नाही.

"मालक," तो शांतपणं म्हणाला, "आईचं लुगडं फेडनार काय?"

सिद्धलिंगप्पाचा हात तिथंच राहिला. त्याच्याच बैठकीत त्यानंच म्हटलेलं ते लांच्छनाचं वाक्य आता दोनशे तोंडांवर लिहिलेलं त्याला दिसत होतं. एक म्हातारी बाई उठून त्याच्या आणि दाराच्या मधोमध जाऊन बसली. मग दुसरी. नुसत्या बसल्या, दाराकडं पाठ करून, बाजाराला आल्यासारख्या.

केराबाईनं भिमाला हाताला धरून बाहेर आणलं आणि तिच्या उघड्या डोक्यावरून घोंगडी टाकली. ती पायापर्यंत आली. महिपतीच्या भावानं पहिल्यांदा पागोटं सारखं केलं, मग गाडीचं जू बघायला गेला. शिवी द्यायला महिपतीनं तोंड उघडलं, समोरच्या बाया बघितल्या आणि धुळीत थुंकून गाडीत चढला. कोरं लुगडं दोरखंडावर पडलं होतं.

सिद्धलिंगप्पानं गादी झटकायला लावली. केराबाईकडं न बघता तो म्हणाला, की हिनं हितं आता किती दिवस राहायचं ते पंच ठरवतील. बायकोला तो फक्त म्हणाला, "घरी चल," आणि ते ऐकून जवळच्या एका बाईनं डोळे मिटून घेतले.

"वटी भरून येते," गोजरबाई म्हणाली.

त्याला नाही म्हणता आलं नाही. लुगडं नेसलेल्या देवीची ओटी भरायची नाही, तर कुणाची भरायची? तो टांग्याकडं गेला.

गादी उचलल्यावर बिरप्पानं खालची नवी घोंगडी काढली, झटकली, घडी केली आणि पाठ फिरवून उंबऱ्यावर ठेवली. केराबाईनं ती आत नेऊन कोनाड्यात सारली. तिला गार वाटत होतं, एवढ्या उन्हात.

गोजरबाईनं आईच्या पुढ्यात तांदूळ ठेवले, नारळ ठेवला. लुगड्याच्या काठाखालून ठिगळांच्या घोंगडीच्या काळ्या दशा बाहेर डोकावत होत्या. ती खाली बसली आणि त्या एक एक करून आत सारू लागली. काम दोन बोटांचं होतं. तिला वेळ लागत होता.

"अव्वा," ती वर न बघता म्हणाली, "कोनाड्यातली ही कवा चढती?"

"पुढल्या चैतात."

"आन् आतली तवाच उतरती?"

"तवाच."

गोजरबाईनं शेवटची दशा आत सारली, पण हात काढला नाही. तळवा लुगड्याखाली त्या जाड, राकट लोकरीवर ठेवून ती बसून राहिली.

"जड असती का लई?"

केराबाईनं आपल्या उघड्या खांद्यावर हात फिरवला. "पयला उन्हाळा जड जातो," ती म्हणाली.

बाहेर टांग्याच्या घोड्यानं पाय आपटला.

"काय चाललंय आत?" सिद्धलिंगप्पाचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा आला, जरा चढा.

गोजरबाईनं ऐकलं. तिचा हात हलला नाही.